जिवाणूंच्या बीजाणूंची विश्वकिरण-सहनशीलता

बॅसिलस व तिच्या निकटच्या प्रजातींमधील जिवाणू प्रतिकूल परिस्थितीत जे सुप्त, शुष्क व टणक रूप धारण करतात, त्यास बीजाणू (अंतर्बीजाणू, बीजुक) असे म्हणतात. उष्णता, शुष्कता, जंतुनाशक रसायने, निर्वात आणि प्रारण (किरणोत्सर्ग) यांना तोंड देण्याची बीजाणूची क्षमता त्याच जिवाणूच्या वाढीच्या अवस्थेतील पेशीपेक्षा कितीतरी अधिक असते. बाह्य अवकाशात ठेवलेले काही बीजाणू जवळजवळ सहा वर्षांनंतरही जिवंत राहिल्याचे प्रयोगांनी दाखवून दिले आहे.

ही सहनशीलता दोन टप्प्यांवर अवलंबून असते. सुप्तावस्थेत बीजाणूची रचना हानी कमीत कमी होऊ देते. झालेली हानी अंकुरणाच्या वेळी विकरांच्या साहाय्याने दुरुस्त केली जाते. या दोन टप्प्यांच्या मधल्या काळात मात्र कोणतीही दुरुस्ती होत नाही. त्यामुळे हानी साचत जाते आणि बीजाणू किती काळ तग धरू शकेल यास मर्यादा पडते. अवकाशयानांचे निर्जंतुकीकरण, वैद्यकीय साधनांचे निर्जंतुकीकरण आणि ग्रहांदरम्यान जीवाचा प्रसार होऊ शकतो काय हा प्रश्न, या तिन्ही विषयांच्या दृष्टीने या सहनशीलतेचा अभ्यास महत्त्वाचा ठरतो.

संज्ञा व पूर्वेतिहास

बुरशी व नेचे यांचे बीजाणू हे प्रजोत्पादनाचे साधन असते. जिवाणूंचा अंतर्बीजाणू तसा नसतो. एका पेशीच्या आत एकच बीजाणू तयार होतो व अनुकूल परिस्थितीत त्यातून पुन्हा एकच पेशी बाहेर पडते. त्यामुळे संख्या वाढत नाही. तो केवळ तग धरून राहण्याचा उपाय आहे.

जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांनी १८७२ मध्ये गवताच्या काढ्यात आढळणाऱ्या जिवाणूला बॅसिलस सबटिलिस हे नाव दिले. १८७६ मध्ये कोन यांनी या जिवाणूच्या उष्णतारोधक बीजाणूंचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच वर्षी रॉबर्ट कॉख यांनी काळपुळीच्या (अँथ्रॅक्स) जिवाणूचे बीजाणूसह संपूर्ण जीवनचक्र मांडले. उकळूनही काही द्रव पुन्हा का नासतात, या जुन्या कोड्याचा उलगडा त्यामुळे झाला. विश्वकिरणांचा शोध त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९१२ मध्ये, व्हिक्टर हेस यांनी बलूनमधून केलेल्या उड्डाणांत लागला. त्यासाठी हेस यांना १९३६ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अवकाशातील प्रारणाचे स्वरूप

अवकाशात बीजाणूवर होणारा प्रारणाचा मारा दोन निरनिराळ्या प्रकारांचा असतो आणि त्यांचे परिणामही भिन्न असतात.

पहिला प्रकार म्हणजे सूर्याचे अतिनील (जंबुपार) किरण. पृथ्वीच्या वातावरणातील ओझोन व ऑक्सिजन यांमुळे त्यांतील सर्वांत घातक भाग जमिनीपर्यंत पोहोचत नाही. अवकाशात मात्र तो संपूर्णपणे उपलब्ध असतो. डीएनए हे किरण थेट शोषून घेतो व त्यामुळे अल्पावधीत मोठी हानी होते. तथापि या किरणांची भेदनक्षमता फारच कमी आहे. धुळीचा पातळ थर किंवा मृत बीजाणूंचे काही थरही त्यांना अडविण्यास पुरतात.

दुसरा प्रकार म्हणजे विश्वकिरण. हे प्रत्यक्षात किरण नसून अतिशय वेगवान विद्युत्भारित कण असतात. आकाशगंगेतून येणाऱ्या विश्वकिरणांत प्रोटॉनांचे प्रमाण बहुतांश असून त्याखालोखाल हीलियमची अणुकेंद्रे असतात. लोहासारख्या जड मूलद्रव्यांच्या अणुकेंद्रांचे प्रमाण केवळ सु. १ टक्का असते. परंतु असे एक जड केंद्र पदार्थातून जाताना आपल्या मार्गावर दाट आयनीकरण घडविते. पातळ आवरणाने विश्वकिरण अडत नाहीत. आवरणात तर जड केंद्रांच्या आघातातून दुय्यम कणही निर्माण होऊ शकतात. सूर्यावरील उद्रेकांतून येणाऱ्या प्रोटॉनांची यात अधूनमधून भर पडते.

पृथ्वीवर चुंबकीय क्षेत्र व वातावरण यांचे दुहेरी कवच असल्याने जमिनीवरील सजीवांना विश्वकिरणांची फारच अल्प मात्रा मिळते.

बीजाणूची रचना

बीजाणूच्या मध्यभागी गाभा असतो. गाभ्यात डीएनए, रायबोसोम व विकरे असतात. त्याभोवती आतले पटल, जननपेशीभित्ती, पेप्टिडोग्लायकनचा जाड बाह्यक, बाहेरचे पटल आणि प्रथिनांचे अनेक पदरी कवच असे थर क्रमाने असतात. काही जातींत त्याही बाहेर एक सैलसर आवरण आढळते.

या रचनेची काही वैशिष्ट्ये प्रारणाच्या संदर्भात विशेष महत्त्वाची आहेत.

शुष्क गाभा: वाढीच्या अवस्थेतील पेशीत वजनाच्या सु. ८० टक्के पाणी असते. बीजाणूच्या गाभ्यात ते जातीनुसार सु. २५ ते ५० टक्क्यांपर्यंत उतरते. आयनीकारक प्रारणाची बरीचशी हानी अप्रत्यक्ष असते. पाण्याच्या रेणूंचे विघटन होऊन हायड्रॉक्सिलसारखी क्रियाशील मूलके निर्माण होतात व ती डीएनएवर आघात करतात. गाभ्यात पाणीच कमी असल्यामुळे ही मूलकेही कमी निर्माण होतात आणि झालीच तर त्यांचा संचार मर्यादित राहतो.

कॅल्शियम डायपिकोलिनेट: डायपिकोलिनिक आम्ल व कॅल्शियम यांचा हा संयुक्त पदार्थ गाभ्यात मोठ्या प्रमाणावर साठविलेला असतो. बीजाणूच्या शुष्क वजनाचा सु. दहावा हिस्सा या आम्लाचा असतो. ते पाण्याची जागा घेऊन गाभा कोरडा राखण्यास मदत करते. अतिनील किरणांच्या बाबतीत त्याचा परिणाम संमिश्र आहे. डीएनएमध्ये होणाऱ्या प्रकाशरासायनिक बदलांवर त्याचा प्रभाव पडतो.

डीएनएला बिलगणारी लहान प्रथिने: बीजाणू तयार होताना लहान आकाराची, आम्लात विरघळणारी विशिष्ट प्रथिने निर्माण होतात व ती जवळजवळ सर्व डीएनए व्यापून टाकतात. त्यामुळे डीएनएची ठेवण बदलते व तो अधिक ताठर होतो. ही प्रथिने नसलेले उत्परिवर्ती बीजाणू अतिनील किरणांना फार लवकर बळी पडतात. अमेरिकेतील कनेक्टिकट विद्यापीठाचे पीटर सेट्लो यांनी या प्रथिनांवर दीर्घकाळ संशोधन केले. आयनीकारक प्रारणापासून संरक्षण करण्यात मात्र या प्रथिनांचा वाटा तुलनेने कमी असून तेथे गाभ्याची शुष्कता अधिक निर्णायक ठरते.

कवच: प्रथिनांचे कवच रसायने व विकरे यांना रोखते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपासून संरक्षण देण्यातही त्याचा, विशेषतः त्यातील रंगद्रव्याचा, वाटा आहे. विश्वकिरणांतील कणांना मात्र हे पातळ कवच अडवू शकत नाही. 'बीजाणूचे कवच विश्वकिरणांना परतवून लावते' हा समज चुकीचा आहे. कण गाभ्यातून आरपार जातच असतात. फरक पडतो तो आत होणाऱ्या हानीत.

हानी व दुरुस्ती

अतिनील किरणांमुळे सामान्य पेशीच्या डीएनएत शेजारशेजारचे थायमीन एकमेकांस जोडले जाऊन द्विवारिके तयार होतात. १९६५ मध्ये जे. ई. डॉनेलन व रिचर्ड सेट्लो यांना असे आढळले की बीजाणूत ही द्विवारिके जवळजवळ तयार होत नाहीत. त्यांऐवजी थायमीनचे एक निराळे संयुग निर्माण होते. त्यास 'बीजाणू-प्रकाशोत्पाद' म्हणतात. वर उल्लेखिलेले पीटर सेट्लो हे रिचर्ड सेट्लो यांचे पुत्र होत. बदललेली डीएनएची ठेवण व शुष्कता ही या फरकाची कारणे आहेत, हे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले.

या निराळ्या संयुगाचे महत्त्व असे की, ते दुरुस्त करणारे स्वतंत्र विकर बीजाणूत आधीच साठवून ठेवलेले असते. अंकुरण सुरू होऊन गाभ्यात पाणी शिरताच ते कार्यरत होते आणि जोडले गेलेले थायमीन मूळ स्थितीत आणते. डीएनएचा तुकडा कापून काढावा लागत नाही. खेरीज कापून जोडण्याची सर्वसाधारण यंत्रणाही उपलब्ध असते.

विश्वकिरणांमुळे होणारी सर्वांत गंभीर हानी म्हणजे डीएनएचे दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटणे. अशा वेळी डीएनएची दुसरी प्रत असल्यास तिच्या आधारे दुरुस्ती करता येते. प्रारण-सहनशीलतेसाठी प्रसिद्ध असलेल्या डायनोकॉकस रेडिओड्युरान्स या बीजाणू न बनविणाऱ्या जिवाणूत गुणसूत्राच्या अनेक प्रती असतात. बॅसिलस सबटिलिसच्या बीजाणूत मात्र एकच प्रत असते. त्यामुळे तुटलेली टोके थेट जोडणारी यंत्रणा येथे विशेष उपयोगी पडते. 'कू' हे प्रथिन टोके धरून ठेवते व 'लिगेज-डी' हे विकर ती सांधते. या दोहोंचा अभाव असलेले बीजाणू आयनीकारक प्रारणाला अधिक संवेदनशील असल्याचे आढळले आहे. या पद्धतीत चूक होण्याचा संभव असतो, तथापि दुसरी प्रत नसताना जीव वाचविण्याचा तो प्रमुख मार्ग ठरतो.

सहनशीलतेचे मूळ

पृथ्वीच्या पृष्ठभागावर विश्वकिरणांची मात्रा इतकी कमी आहे की तिच्या दबावाखाली अशी क्षमता उत्क्रांत झाली असण्याची शक्यता नाही. म्हणून ही सहनशीलता मूलतः शुष्कतेला तोंड देण्याच्या क्षमतेतून आली असावी, असे सामान्यतः मानले जाते. कोरडेपणामुळेही डीएनए तुटतो. तो सांधण्याची सोय प्रारणाच्या वेळीही कामी येते. डायनोकॉकसच्या बाबतीतही १९९६ मध्ये असाच निष्कर्ष मांडण्यात आला. प्रारणाला संवेदनशील असलेले त्याचे उत्परिवर्ती प्रकार शुष्कतेलाही संवेदनशील निघाले.

वाळवंटी खडक व मृदा अशा अत्यंत प्रतिकूल अधिवासांतून मिळालेल्या काही बीजाणूंची सहनशीलता प्रयोगशाळेतील वाणांपेक्षा अधिक आढळते. मानवनिर्मित अधिवासही यास अपवाद नाहीत. अवकाशयानांची जुळणी ज्या स्वच्छ कक्षांत होते तेथे पोषकद्रव्ये जवळजवळ नसतात, हवा कोरडी व गाळलेली असते आणि जंतुनाशकांचा वापर वारंवार होतो. या उपायांतून सर्वांत चिवट जिवाणूच मागे उरतात. अमेरिकेतील जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेच्या यान-जुळणी कक्षातून वेगळा केलेला बॅसिलस प्यूमिलस एसएएफआर-०३२ हा वाण याचे सर्वपरिचित उदाहरण आहे. त्याचे बीजाणू अतिनील किरण व हायड्रोजन पेरॉक्साइड या दोहोंना असाधारण दाद न देणारे आहेत.

अवकाशातील प्रयोग

बायोस्टॅक: १९७२ मध्ये अपोलो १६ व अपोलो १७ या मोहिमांतून हा प्रयोग चंद्रापर्यंत नेण्यात आला. बीजाणूंचे थर व कणांचा मार्ग नोंदविणारे पत्रे एकावर एक रचण्यात आले होते. त्यामुळे कोणत्या बीजाणूजवळून जड केंद्र गेले हे परतल्यावर ओळखता आले. ज्यांना थेट आघात झाला तेही सर्वच बीजाणू मेले नाहीत. उलट मार्गापासून काही अंतरावर असलेले काही बीजाणू मात्र निष्क्रिय झाले.

दीर्घकालीन अवकाश-अनावरण उपग्रह: अमेरिकेच्या नासा संस्थेने एप्रिल १९८४ मध्ये सोडलेला हा उपग्रह जानेवारी १९९० मध्ये परत आणण्यात आला. त्यावरील बॅसिलस सबटिलिसच्या बीजाणूंचे निष्कर्ष गेर्डा हॉर्नेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केले. अतिनील किरणांपासून आडोसा मिळालेल्या, अनेक थरांतील बीजाणूंपैकी ८० टक्क्यांपर्यंत बीजाणू जिवंत राहिले. अतिनील किरण थेट पडलेल्या नमुन्यांत जिवंत बीजाणूंची संख्या दहा हजार पटींनी वा त्याहून अधिक घटली. तरीही पूर्णपणे उघड्या नमुन्यांतून सु. दहा हजारांपर्यंत जिवंत बीजाणू मिळाले. ग्लुकोज व काही क्षार यांमुळे संरक्षण वाढल्याचेही दिसून आले.

एक्सपोज-ई: युरोपीय अवकाश संस्थेचे हे उपकरण २००८–०९ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या बाहेरील बाजूस दीड वर्ष होते. त्यावरील बॅसिलस प्यूमिलस एसएएफआर-०३२ च्या बीजाणूंचा अभ्यास पराग वैशंपायन व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. अंधारात, अवकाशातील निर्वातात ठेवलेले १० ते ४० टक्के बीजाणू जगले. अंधारात पण मंगळासारख्या वायुमिश्रणात ठेवलेल्यांपैकी ८५ ते १०० टक्के जगले. अतिनील किरणांना सामोरे गेलेल्या बीजाणूंची संख्या मात्र सु. एक कोटी पटींनी घटली.

या सर्व प्रयोगांचा एकत्रित निष्कर्ष असा की, काही वर्षांच्या कालावधीत बीजाणूचा मुख्य शत्रू विश्वकिरण नसून सूर्याचे अतिनील किरण हा आहे. निर्वात व अतिनील किरण एकत्र आल्यास हानी आणखी वाढते.

मात्रा व काळ

प्रारणाची शोषित मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. अल्पावधीत संपूर्ण शरीरास मिळालेली ४ ते ५ ग्रे मात्रा उपचारांअभावी माणसाला प्राणघातक ठरू शकते. बॅसिलस सबटिलिसच्या कोरड्या बीजाणूंपैकी ९० टक्के नष्ट होण्यास मात्र सु. १ ते २ हजार ग्रे इतके गॅमा प्रारण लागते. वरील उपग्रहावर जवळजवळ सहा वर्षांत बीजाणूंना मिळालेली विश्वकिरणांची मात्रा केवळ ४.८ ग्रे होती. आडोशातील बीजाणू का जगले, याचे उत्तर या तुलनेत आहे.

कालावधी वाढविल्यास चित्र पालटते. 'क्युरिऑसिटी' बग्गीवरील उपकरणाने मंगळाच्या पृष्ठभागावर वर्षाला सु. ०.०७६ ग्रे इतकी मात्रा मोजली. या गतीने १ हजार ग्रे मात्रा साचण्यास सु. १३ हजार वर्षे लागतात. ९० टक्के बीजाणूंच्या नाशास १ हजार ग्रे पुरतात असे धरल्यास, दर १३ हजार वर्षांनी जिवंत बीजाणूंचा दहावा हिस्सा उरेल. सु. ८० हजार वर्षांत दहा लाखांपैकी एक उरेल. हा हिशेब ढोबळ आहे. जड केंद्रांची घातकता गॅमा किरणांपेक्षा अधिक असते, तर अतिशीत तापमानात मूलकांचा संचार मंदावल्याने हानी कमी होते. तरीही त्यातून मूळ मुद्दा स्पष्ट होतो. वाढणारी पेशी रोजची हानी रोज भरून काढते. सुप्त बीजाणूच्या बाबतीत मात्र हजारो वर्षांची हानी एकदम, जागे होताना, हिशेबात येते. ती दुरुस्तीच्या आवाक्याबाहेर गेली असल्यास बीजाणू वरून अखंड दिसूनही पुन्हा वाढत नाही.

ग्रहसंरक्षण

१९६७ च्या बाह्य अवकाश करारातील नवव्या कलमानुसार अन्य खगोलांचे हानिकारक दूषितीकरण टाळणे सदस्य राष्ट्रांवर बंधनकारक आहे. मंगळावर जीवसृष्टीचा शोध घेताना पृथ्वीवरून गेलेलाच बीजाणू 'मंगळाचा' म्हणून गणला गेला, तर त्या शोधाचे मोलच नाहीसे होईल. १९७६ मध्ये मंगळावर उतरलेली दोन्ही व्हायकिंग याने त्यासाठी उड्डाणापूर्वी कोरड्या उष्णतेने, सु. ११२ अंश सेल्सिअस तापमानास, निर्जंतुक करण्यात आली होती. आजही मंगळावर उतरणाऱ्या यानाच्या स्वच्छतेचे मोजमाप बीजाणूंच्या संख्येतच होते. जीवशोधाचे उद्दिष्ट नसलेल्या यानासाठी रूढ मर्यादा पृष्ठभागावर प्रति चौरस मीटर ३०० व एकूण ३ लाख बीजाणू अशी आहे. नमुना ८० अंश सेल्सिअसला १५ मिनिटे तापवून उरलेले जिवाणू मोजतात.

विश्वकिरण व अतिनील किरण यान आपोआप निर्जंतुक करतील, यावर विसंबून राहता येत नाही. यानाच्या सांध्यांत व आतल्या भागांत अतिनील किरण पोहोचत नाहीत. मंगळापर्यंतच्या सहा ते नऊ महिन्यांच्या प्रवासातील विश्वकिरणांची मात्रा बीजाणूच्या दृष्टीने नगण्य असते.

भारतातील संबंधित कार्य

भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या (इस्रो) साहाय्याने २००१ व २००५ मध्ये हैदराबाद येथून बलून सोडून स्थितांबरातील हवेचे नमुने गोळा करण्यात आले. हैदराबादचे बलून केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्था चालविते. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर या प्रकल्पाचे प्रमुख संशोधक होते. २००५ चे नमुने हैदराबादचे पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्र आणि पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र यांत स्वतंत्रपणे तपासण्यात आले. त्यांतून २००९ मध्ये तीन नव्या जातींचे वर्णन प्रसिद्ध झाले. फ्रेड हॉयल यांच्या नावावरून जॅनीबॅक्टर हॉयली, इस्रोवरून बॅसिलस इस्रोनेन्सिस व आर्यभटांवरून बॅसिलस आर्यभट्टाय अशी नावे त्यांना देण्यात आली. यांपैकी पहिली जाती बीजाणू बनवीत नाही. उरलेल्या दोन जातींचा समावेश नंतर अनुक्रमे सोलिबॅसिलस व प्रीस्टिया या प्रजातींत करण्यात आला. निकटच्या जातींपेक्षा या तिन्ही जाती अतिनील किरणांना अधिक सहनशील असल्याचे सांगण्यात आले. मात्र त्या पृथ्वीबाहेरून आल्याचा निर्णायक पुरावा या अभ्यासातून मिळालेला नाही, असे इस्रोनेही स्पष्ट केले.

मुंबईत तुर्भे (ट्रॉम्बे) येथे १९७४ पासून कार्यरत असलेल्या 'आयसोमेड' प्रकल्पात कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी वैद्यकीय साधने निर्जंतुक केली जातात. अशा निर्जंतुकीकरणासाठी जगभर रूढ असलेली २५ हजार ग्रे ही मात्रा बीजाणूंसारख्या चिवट रूपांचाही नाश होईल अशा बेताने ठरलेली आहे. बॅसिलस प्यूमिलसचे बीजाणू त्याकरिता निदर्शक म्हणून वापरले गेले आहेत.

पॅनस्पर्मिया व मतभेद

स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वांटे अऱ्हेनियस यांनी १९०३ मध्ये असे मत मांडले की, प्रकाशाच्या दाबाने ढकलले जाणारे सुटे जीवबीज एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतील. बीजाणूंवरील प्रयोगांनी या मताच्या मूळ स्वरूपास आधार दिलेला नाही, कारण उघडा बीजाणू अतिनील किरणांत टिकत नाही. त्याऐवजी उल्कापाताच्या आघाताने उडालेल्या खडकाच्या आत दडलेले बीजाणू एका ग्रहावरून शेजारच्या ग्रहावर पोहोचू शकतील काय, यावर आता अधिक विचार केला जातो. खडकाचा थर अतिनील किरण पूर्णपणे अडवितो. तो पुरेसा जाड असल्यास विश्वकिरणांची मात्राही घटते. ही शक्यता अवकाशप्रयोगांनी खुली ठेवली आहे, सिद्ध केलेली नाही.

पृथ्वीवरील अतिप्राचीन बीजाणूंविषयीचे दावेही याच कारणाने वादग्रस्त आहेत. राळेच्या जीवाश्मातील मधमाशीच्या शरीरातून अडीच ते चार कोटी वर्षांपूर्वीचा बॅसिलस (१९९५) आणि मिठाच्या स्फटिकातून २५ कोटी वर्षांपूर्वीचा जिवाणू (२०००) पुनरुज्जीवित केल्याचे दावे करण्यात आले. नमुन्यांत आधुनिक जिवाणू शिरले असावेत, अशी शंका अनेक संशोधकांनी व्यक्त केली. विश्वकिरण न पोहोचणाऱ्या खोल भूस्तरांतही खडकातील नैसर्गिक किरणोत्सर्ग व रासायनिक झीज चालूच असते. दुरुस्तीविना इतका दीर्घ काळ डीएनए वाचनयोग्य कसा राहिला, याचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत हे दावे सर्वमान्य होण्याची शक्यता कमी आहे.